मापाचा विवेक : शिश्नातील कृत्रिम रोपण, त्याचा आकार आणि रुग्णाचे समाधान

क्लैब्य या व्याधीचा विचार आपल्या आचार्यांनी कोणताही संकोच न बाळगता केलेला आहे. चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या दुसऱ्या अध्यायाचे चारही पाद वाजीकरणास दिलेले आहेत आणि तिसाव्या अध्यायात बीजोपघात, ध्वजभंग, जरा व शुक्रक्षय अशा चार कारणांनी होणारे क्लैब्य वर्णिलेले आहे. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात क्लैब्याचे सहा प्रकार सांगितले आणि त्यांपैकी सहज व मर्मच्छेदजन्य हे दोन असाध्य होत, असे निःसंदिग्धपणे नोंदवले. आपले औषध कोठवर पोहोचते आणि कोठे थांबते, हे ग्रंथात लिहून ठेवणे हे शास्त्राच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे.

ज्या अवस्थेला आपण असाध्य म्हणतो, त्या अवस्थेसाठी गेल्या सुमारे पन्नास वर्षांत आधुनिक शल्यतंत्राने एक उपाय सिद्ध केला आहे. शिश्नातील कृत्रिम रोपण, म्हणजेच रुग्णांच्या भाषेतील ‘इम्प्लांट’, हा तो उपाय होय. शिरूर कासारसारख्या तालुक्याच्या गावी या विषयाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. परंतु मधुमेह आता शहरापुरता उरलेला नाही. तंबाखू आणि बिडी तर आपल्याकडे पूर्वापार आहेच. शिवाय हातातील मोबाइलवर दिसणाऱ्या जाहिराती वाडीवस्तीवर पोहोचल्या आहेत. अशा तक्रारीचा रुग्ण प्रथम मूत्ररोगतज्ज्ञाकडे जात नाही. तो ओळखीच्या वैद्याकडे येतो, किंवा औषधी दुकानात गर्दी ओसरल्यावर हळू आवाजात विचारतो. अलीकडे त्याचा प्रश्नही बदलला आहे. “ऑपरेशन करून मोठ्या साइजचा बसवून मिळतो का?” असे तो विचारतो. या एका प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. ती दूर करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रोपण म्हणजे नेमके काय

शिश्नाच्या आत डाव्या व उजव्या बाजूस स्पंजासारख्या ऊतीने बनलेल्या दोन नळ्या असतात. त्यांवर एक चिवट आवरण असते. उत्थानाच्या वेळी या नळ्यांत रक्त भरते व आवरण ताणले जाऊन काठिण्य येते. या नळ्या बाहेर दिसणाऱ्या शिश्नापुरत्या नसतात. मागील बाजूस त्या खोलवर जाऊन कटीच्या अस्थींना चिकटलेल्या असतात. मधुमेहाने रक्तवाहिन्या व नाड्या क्षीण झाल्या, अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगासाठी मोठी शस्त्रक्रिया झाली किंवा कटिभागास गंभीर इजा झाली, तर रक्त भरण्याची ही यंत्रणाच निकामी होऊ शकते. गोळ्या, इंजेक्शन व निर्वात पंप या उपायांनीही गुण येत नसेल, तर या दोन नळ्यांत दोन कृत्रिम दांड्या बसवल्या जातात.

या प्रयत्नांचा इतिहास उद्बोधक आहे. १९३६ मध्ये सोव्हिएत शल्यचिकित्सक बोगोराझ यांनी बरगडीची कूर्चा वापरून शिश्नाला आधार देण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. शरीर ती कूर्चा शोषून घेत असे, त्यामुळे तो मार्ग टिकला नाही. १९७३ मध्ये अमेरिकेतील ब्रँटली स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रव भरून फुगणारे रोपण मांडले. १९७५ मध्ये स्मॉल व कॅरियन यांची सिलिकॉनची अर्धकठीण दांडी आली. आजची सर्व रोपणे या दोन कुळांतील आहेत. फुगणाऱ्या रोपणाच्या तीन भागी प्रकारात शिश्नात दोन नळ्या, वृषणकोशात छोटा पंप आणि मूत्राशयाजवळ द्रवाची पिशवी असते. अर्धकठीण दांडी मात्र सदैव ताठ असते. ती हाताने वर-खाली वळवावी लागते.

रुग्णाला तीन गोष्टी आरंभीच सांगावयास हव्यात. पहिली, रोपणाने काठिण्य मिळते. कामेच्छा, स्पर्शसंवेदना व स्खलन या त्यापासून वेगळ्या बाबी असून रोपण त्या उत्पन्न करीत नाही आणि सामान्यतः नष्टही करीत नाही. दुसरी, शिश्नमणी या नळ्यांच्या कक्षेबाहेर आहे. त्यामुळे नैसर्गिक उत्थानात तो जसा फुलतो तसा रोपणाने फुलत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दांडी बसवताना आतील स्पंजसदृश ऊतीची कायमची हानी होते. पुढे रोपण काढावे लागले, तर नैसर्गिक उत्थान परत येईल किंवा गोळी लागू पडेल, अशी आशा बहुधा उरत नाही. हा रस्ता परतीचा नाही.

माप कोण ठरवते

‘मोठ्या साइजचा’ हा शब्द दुकानातील वस्तूच्या निवडीसारखा उच्चारला जातो. वस्तुतः रोपणाचे माप रुग्णाच्या इच्छेने ठरत नाही आणि शल्यकाच्याही इच्छेने ठरत नाही. ते रुग्णाच्या शरीरानेच ठरवून ठेवलेले असते. शस्त्रक्रियेच्या वेळी नळीच्या आवरणाला छेद देऊन शल्यक मोजणीची दांडी प्रथम पुढे मण्यापर्यंत आणि नंतर मागे अस्थीपर्यंत नेतो. या दोन मापांच्या बेरजेवरून नळीची एकूण लांबी मिळते आणि तिच्याशी जुळणारी दांडी निवडली जाते. थोडे अंतर उरल्यास मागील टोकाला जोडतुकडे लावून ते भरून काढतात. काही अर्धकठीण दांड्यांचे मागील टोक मोजून कापता येते. जाडीच्याही निश्चित पायऱ्या आहेत. आयात होणाऱ्या एका प्रचलित अर्धकठीण रोपणात ९.५, ११ व १३ मिलिमीटर अशा तीन जाड्या आहेत. फुगणाऱ्या एका प्रकारातील नळी १२ मिलिमीटरपासून सुमारे १८ मिलिमीटरपर्यंत फुलते.

येथे एक साधी गोष्ट ध्यानी घ्यावी. दांडी किती सेंटिमीटरची आहे, या आकड्याचा बाहेर दिसणाऱ्या लांबीशी थेट संबंध जोडता येत नाही, कारण तिचा बराचसा भाग शरीराच्या आत, मागील बाजूस असतो. म्हणून एकाला अमुक मापाचा बसवला आणि मला त्याहून कमी मापाचा, ही तुलना निरर्थक ठरते. शस्त्रक्रियेनंतर किती लांबी मिळेल याचा अंदाज घ्यायचा असेल, तर शस्त्रक्रियेपूर्वी शिथिल शिश्न हलकेच ताणून घेतलेले माप हाच विश्वसनीय आधार आहे. ते माप रुग्णासमोर घ्यावे, त्याला दाखवावे व लिहून ठेवावे, असे जाणकार शल्यक आवर्जून सांगतात.

माप चुकल्यास काय होते

अंगापेक्षा बोंगा मोठा अशी आपल्याकडे म्हण आहे. या शस्त्रक्रियेत तिचा अर्थ अक्षरशः प्रत्ययास येतो. नळीच्या लांबीपेक्षा मोठी दांडी बसवली, तर तिचे टोक आतून सतत दाब देते. त्याने वेदना टिकून राहते. फुगणारी नळी असेल तर ती आत वाकडी होऊन शिश्नाला नागमोडी वळण येते. सर्वांत गंभीर बाब म्हणजे, दाबामुळे ऊतीचे पोषण थांबून दांडी मूत्रमार्गात किंवा त्वचेतून बाहेर येऊ शकते. मधुमेहाने संवेदना बोथट झालेल्या रुग्णाला अशा दाबाची वेदना जाणवत नाही, आणि जाणवते तेव्हा फार उशीर झालेला असतो. अर्धकठीण दांडीचा दाब अहोरात्र असल्याने तेथे ही दक्षता अधिक हवी.

दांडी लहान झाली तरीही हानी आहेच. पुढील टोकाला आधार न मिळाल्याने मणी खाली झुकतो. समागमाच्या वेळी तो वाकतो व दोघांनाही त्रास होतो. फार बारीक दांडी नळीत सैल राहते व पुरेसे काठिण्य येत नाही. ज्यांच्या नळ्यांत पूर्वीच्या जंतुसंसर्गाने किंवा तासन्‌तास न उतरलेल्या उत्थानाने तंतुमय काठिण्य निर्माण झाले आहे, त्यांना प्रथम ९.५ मिलिमीटरच्या आसपासची बारीक नळीच बसू शकते. काहींमध्ये साधारण वर्षभराने ऊती सैलावल्यावर नेहमीच्या जाडीची नळी बसवता येते. यातूनही हेच दिसते की शरीर जेवढी जागा देईल तेवढेच घ्यावयाचे असते.

जंतुसंसर्ग ही या शस्त्रक्रियेतील सर्वांत भयप्रद आपत्ती होय. अनुभवी केंद्रांत प्रथमच होणाऱ्या शस्त्रक्रियेत तिचे प्रमाण शेकडा १ ते ३ च्या आसपास सांगितले जाते. २००१ च्या सुमारास प्रतिजैविकाचा लेप असलेली रोपणे उपलब्ध झाल्यावर ते आणखी घटले. तरीही संसर्ग झाला की बहुधा सर्व रोपण काढावे लागते. नंतर आत व्रणवस्तू तयार होऊन नळ्या आकुंचन पावतात, आणि दुसऱ्या वेळी बसणारी दांडी पहिलीपेक्षा लहानच असते. आकाराच्या हव्यासापोटी केलेल्या घाईचा शेवट असा आकार गमावण्यात होऊ शकतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात रक्तातील एचबीए-वन-सी ८.५ टक्क्यांच्या वर असणाऱ्यांमध्ये संसर्गाचा धोका ठळकपणे वाढलेला आढळला. साखर आटोक्यात आणण्यासाठी दोन-तीन महिने थांबावे लागले, तर तो काळ वाया गेला असे मानू नये.

समाधान कशाने मिळते

योग्य निवड झालेल्या रुग्णांत या शस्त्रक्रियेने मिळणारे समाधान उच्च आहे. बहुतेक अभ्यासांत शंभरातील ऐंशीहून अधिक पुरुष समाधानी आढळतात. मग असमाधानी राहणाऱ्यांची तक्रार कोणती? ती मुख्यतः लांबी कमी झाल्याची असते. २००७ मध्ये न्यूयॉर्कमधील चिकित्सकांनी फुगणारे रोपण बसवलेल्या ५६ पुरुषांची मोजणी शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर सहा महिन्यांपर्यंत केली. लांबीत लक्षणीय फरक आढळला नाही. तथापि त्यांपैकी सुमारे ७२ टक्के पुरुषांना आपली लांबी घटली असेच वाटत होते. ही विसंगती मननीय आहे. मोजपट्टी एक सांगते आणि मन दुसरे, कारण मन आजच्या अवस्थेची तुलना कालच्या अवस्थेशी करीत नाही. ते तरुणपणीच्या आठवणीशी किंवा जाहिरातीतील चित्राशी तुलना करते. दीर्घकाळच्या क्लैब्याने व मधुमेहाने ऊती आधीच आक्रसलेल्या असतात. त्या हानीचे खापर मग रोपणावर फुटते.

माझ्या चिकित्सालयात ऊसतोड टोळीचा एक मुकादम येत असे. वय पन्नाशीच्या पुढे, मधुमेह बारा वर्षांचा. त्याने उचल घेऊन एका मोठ्या शहरात अर्धकठीण रोपण करून घेतले होते. जखम उत्तम भरली होती, काठिण्य पुरेसे होते, शल्यकर्मात कोणतीही उणीव दिसत नव्हती. तरीही तो खिन्न होता. “पैसे देऊन आखूड झालं,” असे तो म्हणे. त्याहून मोठे दुःख वेगळेच होते. कारखान्याच्या तळावर कोपीत दाटीवाटीने राहायचे, उघड्यावर आंघोळ करायची, आणि शरीरातील हे सततचे काठिण्य लपवायचे कसे? शस्त्रक्रियेपूर्वी त्याला दांडीचे माप विचारावेसे वाटले, पण आपण राहतो कसे हे त्याला कोणीच विचारले नाही. पत्नीला तर शस्त्रक्रिया होईपर्यंत काही सांगितलेच नव्हते. तिला एकदा सोबत बसवून सर्व समजावून दिल्यावर त्याची खिन्नता बरीच निवळली. त्यासाठी औषधाचा एक कणही लागला नाही.

पती-पत्नी दोघांचा सहभाग आणि वास्तव अपेक्षा या गोष्टी समाधान ठरवणाऱ्या आहेत. केवळ आकारापुरते बोलायचे, तर सामान्य मर्यादा काय हेच बहुतेकांना ठाऊक नसते. २०१५ मध्ये अनेक देशांतील १५,५२१ पुरुषांच्या मोजमापांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात उत्थित अवस्थेतील सरासरी लांबी १३.१२ सेंटिमीटर आढळली. २००७ मध्ये केरळमधील पुरुषांवरील अभ्यासात ती सुमारे १३ सेंटिमीटर होती. आपण खुजे आहोत असे मानून येणाऱ्या पुरुषांपैकी बहुतेक जण प्रत्यक्षात सामान्य मर्यादेतच असतात. हा आकडा शांतपणे सांगणे हीसुद्धा चिकित्साच आहे. ज्याचे उत्थान व्यवस्थित आहे आणि ज्याला केवळ आकार वाढवून हवा आहे, त्याच्यासाठी ही शस्त्रक्रिया मुळीच नाही.

आकाराचा हा मोह आजचा नव्हे. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाचा चौदावा अध्याय शूकदोषांना दिला आहे. शिश्न वाढावे म्हणून विषारी शूकांचे लेप अविचाराने लावणाऱ्यांना होणाऱ्या अठरा व्याधी त्यात वर्णिल्या आहेत आणि मांसार्बुद, मांसपाक, विद्रधी व तिलकालक हे चार त्यांनी असाध्य मानले आहेत. वृद्धीच्या मागे लागून अवयवच गमावणाऱ्यांची स्वतंत्र यादी करावी लागली, इतके ते रुग्ण त्या काळीही असले पाहिजेत. लेपाच्या जागी आज तेले, पंप आणि ‘साइज’ची आश्वासने आली आहेत, एवढाच फरक.

स्वदेशी रोपण

फुगणाऱ्या परदेशी रोपणाची किंमत सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची आहे. या अडचणीवर महाराष्ट्रातून एक उत्तर मिळाले, याचा उल्लेख करणे उचित होईल. मुंबईतील पुरुषरोगतज्ज्ञ डॉ. रूपिन शहा यांनी अभिकल्पित केलेले अर्धकठीण ‘शहा रोपण’ भारतातच तयार होते आणि परदेशी रोपणांच्या मानाने पुष्कळ स्वस्त आहे. मापाच्या दृष्टीने त्याचे वैशिष्ट्य असे की दांडीवर काढता येण्याजोगी वेष्टने असतात. शस्त्रक्रियेच्या वेळी नळीत जेवढी जागा असेल त्यानुसार वेष्टन ठेवून किंवा काढून जाडी जुळवता येते. माणसाला दांडीच्या मापात बसवण्याऐवजी दांडी माणसाच्या मापात आणण्याचा हा विचार आहे. या रोपणाचे शस्त्रक्रियात्मक परिणाम व रुग्णांचे समाधान यांविषयी बंगळूरच्या चिकित्सकांचा निबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला असून विकसनशील देशांसाठी हा उपयुक्त पर्याय असल्याचे त्यात प्रतिपादन केले आहे. अर्थात अर्धकठीण रोपणाच्या सर्व मर्यादा त्यालाही लागू आहेत.

आपले कर्तव्य

या विषयात वैद्याची भूमिका कोठे सुरू होते? ती निदानापासून सुरू होते. पहाटेचे उत्थान टिकून असेल आणि तक्रार विशिष्ट प्रसंगापुरतीच असेल, तर मानस हेतूचा विचार प्रथम करावा. रक्तदाबाची काही औषधे व मनोविकारांवरील काही औषधेही ही तक्रार उत्पन्न करतात, म्हणून चालू औषधांची चौकशी करावी. साखर, रक्तदाब व मेद यांची तपासणी करावी. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असल्याने चाळिशी-पन्नाशीतील ध्वजभंग ही पुढील दोन-चार वर्षांत येऊ शकणाऱ्या हृद्रोगाची आगाऊ सूचना असू शकते. तिच्याकडे दुर्लक्ष करून केवळ वाजीकरण योग देणे हे शास्त्रालाही धरून नाही, कारण शोधनाशिवाय व निदानपरिवर्जनाशिवाय वाजीकरण फलद्रूप होत नाही हे आपण शिकलेलो आहोत.

योग्य काळ चिकित्सा करूनही गुण नसेल आणि नाडी-धमन्यांची हानी स्पष्ट असेल, तर रुग्णाला अडकवून न ठेवता मूत्ररोगतज्ज्ञाकडे पाठवावे. पाठवताना त्याच्या हाती पुढील प्रश्न द्यावेत. अशा किती शस्त्रक्रिया आपण केल्या आहेत? माझे ताणलेल्या अवस्थेतील माप किती आहे? माझ्या कामाला व राहणीला कोणता प्रकार योग्य? संसर्ग झाल्यास काढण्याचा व पुन्हा बसवण्याचा खर्च कोणी सोसावयाचा? रुग्ण घेत असलेले काढे, चूर्णे व भस्मे यांची यादीही शल्यकाला द्यावी. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे समागम वर्ज्य असतो. त्या काळात लाली, वाढती वेदना, स्राव किंवा त्वचा पातळ होणे यांपैकी काही दिसल्यास लेप वा गुग्गुळ देत बसू नये, त्याच दिवशी परत पाठवावे.

औषधी दुकानदार बंधूंनाही एक विनंती. औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये लैंगिक क्षमता वाढवण्याची जाहिरात निषिद्ध आहे. औषध नियम, १९४५ च्या ‘जे’ परिशिष्टात लैंगिक अवयवाचा आकार सुधारण्याचा दावा औषधाने करू नये, असेही नमूद आहे. ‘केवळ वनस्पतीजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक उत्पादनांत सिल्डेनाफिलची भेसळ जगभर वारंवार पकडली गेली आहे. हृद्रोगासाठी नायट्रेट घेणाऱ्या रुग्णाला ही भेसळ प्राणघातक ठरू शकते. अनोळखी कंपनीच्या गोळीने अर्ध्या तासात परिणाम दिसला, तर त्यात अश्वगंधा किंवा खाजकुहिली नव्हे, वेगळेच काही असण्याचा संभव आहे. अशी पाकिटे फडताळावर ठेवल्याने दुकानाची व शास्त्राची, दोहोंची पत जाते.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला. पूर्ण माहिती न देता झालेल्या शस्त्रक्रियेची किंमत काय असते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. पुरुषांच्या बाबतीत लज्जेमुळे तर कोणी तोंडही उघडणार नाही. रोपण हे वाईट नाही. ज्याच्यासाठी औषध संपले आहे, त्याचा संसार ते सावरू शकते. मात्र त्याच्या शरीराला जुळणारे माप, त्याच्या जीवनाला जुळणारा प्रकार आणि दोघांनाही उमगलेली अपेक्षा, या तिन्ही गोष्टी शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्यापूर्वी ठरलेल्या असाव्यात. त्यांपैकी पहिली शल्यकाच्या हाती आहे. उरलेल्या दोन्हींसाठी रुग्णाचे घर, शेत व संसार जाणणारा वैद्य लागतो, आणि तो त्याच्या गावातच आहे.